छायाचित्रांची पुनर्रचना

आगगाडीच्या लहान प्रतिकृती करून त्या घरामागील बागेत, खऱ्या मातीवर व खऱ्या उन्हात चालविण्याचा छंद युरोप-अमेरिकेत पुष्कळांस आहे. न्यूरेंबर्ग येथील लेहमान कंपनीने १९६८ साली ४५ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवर धावणाऱ्या गाड्या विक्रीस आणल्या, तेव्हापासून ह्या छंदास विशेष बळ आले. परंतु ह्या हौशी मंडळींपैकी काहींचे समाधान गाडी फिरविण्याने होत नाही. रेल्वेचे एखादे जुने छायाचित्र समोर ठेवून तोच देखावा बागेत मांडावयाचा व त्याचे तशाच रीतीने छायाचित्र घ्यावयाचे, असा त्यांचा उद्योग असतो. वरवर पाहता हा पोरखेळ होय. तथापि इतिहासाची साधने कशी वाचावीत ह्याचा एक चांगला पाठ त्यात आहे.

प्रतिकृती मूळ वस्तूच्या साडेबाविसाव्या हिश्शाची असेल, तर पाहणाराचा डोळाही त्याच प्रमाणात खाली आला पाहिजे. म्हणून कॅमेरा जमिनीपासून अवघ्या ७ सेंटिमीटरांवर ठेवावा लागतो. जवळचे व दूरचे सारखेच स्पष्ट उमटावे यासाठी भिंगाचे छिद्र बारीक करून प्रकाश अधिक वेळ आत घ्यावा लागतो. सूर्य कोणत्या बाजूस होता, हे मूळ चित्रातील सावल्यांवरून ठरवावे लागते. गवताचे पाते मात्र कोणाच्या सांगण्याने लहान होत नाही. ते इंजिनाशेजारी वेळूसारखे उभे राहते व सारा भास मोडते. सारांश, नुसते पाहणारा चित्रावरून नजर फिरवितो. रचणारास त्याचा कानाकोपरा तपासावा लागतो.

ह्या तपासणीतून काय निष्पन्न होते, हे एका प्रसिद्ध छायाचित्रावरून पाहू. १० मे १८६९ रोजी अमेरिकेतील युटा प्रदेशात, प्रॉमन्टरी येथे, पूर्वेकडून आलेली युनियन पॅसिफिक व पश्चिमेकडून आलेली सेंट्रल पॅसिफिक ह्या दोन लोहमार्गांचा संगम झाला. अँड्र्यू रसेल ह्याने घेतलेल्या चित्रात ‘ज्युपिटर’ व ‘क्रमांक ११९’ ही इंजिने समोरासमोर उभी असून मध्यभागी दोन्ही कंपन्यांचे मुख्य अभियंते, माँटेग्यू व डॉज, हस्तांदोलन करीत आहेत. इंजिनांवर चढलेले लोक मद्याच्या बाटल्या पुढे करीत आहेत.

ही दोन्ही इंजिने पुढे मोडीत निघाली. त्यांच्या पूर्णाकृती प्रतिकृती १९७९ साली तयार झाल्या, त्या मूळ आराखडे उपलब्ध नसल्यामुळे मुख्यतः छायाचित्रांवरूनच. आकार साधला, पण रंग कोठून आणावा? कृष्णधवल चित्र त्याविषयी मुके होते. प्रारंभी ‘ज्युपिटर’ला तांबडा रंग दिला गेला, पुढे एका समकालीन वृत्तपत्रातील वर्णन हाती आले, तेव्हा निळा रंग द्यावा लागला. चित्राचे मौन लेखाने भरून काढले.

परंतु रंगापेक्षा मोठी उणीव माणसांची आहे. बागेत हा देखावा मांडणारास एकेक बाहुली जागेवर ठेवताना प्रत्येक वेळी हा कोण, असे विचारावे लागते. आणि मग ध्यानात येते की त्या गर्दीत ओळखू यावा असा एकही चिनी चेहरा नाही. सेंट्रल पॅसिफिकच्या मजुरांत बहुसंख्य चिनी होते. सिएरा नेवाडाच्या खडकात त्यांनी बोगदे खोदले. शेवटचे रूळ बसविणारांतही ते होते, आणि खुद्द रसेलच्याच त्या दिवसाच्या दुसऱ्या एका चित्रात ते दिसतात. मात्र जगभर गाजले ते हस्तांदोलनाचे चित्र. पुढे १८८२ साली कायद्याने चिनी मजुरांस अमेरिकेचे दार बंद झाले.

न्यूयॉर्कचे छायाचित्रकार कॉर्की ली ह्यांनी २०१४ साली, त्या घटनेस १४५ वर्षे झाली त्या दिवशी, त्या मजुरांच्या वंशजांस व इतर चिनी-अमेरिकनांस प्रॉमन्टरीस एकत्र करून, नव्या इंजिनांपुढे ते चित्र पुन्हा घेतले. ही नक्कल नव्हती. ती दुरुस्ती होती. तिने १८६९ चे चित्र खोटे ठरत नाही. ते अपुरे होते, एवढेच सिद्ध होते. बागेत बाहुल्या मांडणारा हौशी गृहस्थ असो की दप्तरे चाळणारा इतिहासकार असो, साधनात जे आहे ते नेमके मांडल्यावाचून त्यात काय नाही, हे कोणासच कळत नाही.