पंच, मातृका आणि ओल

हिंदमाताला पाणी साचले, की पावसाळा खऱ्या अर्थाने लागला असे मुंबईकर समजतो. आमच्या एक सहकारी प्राध्यापिका त्याच परिसरात तळमजल्यावर राहतात, आणि विभागाच्या भित्तिपत्रकाचे सामान वर्षानुवर्षे त्यांच्याकडेच असते. एका पावसाळ्यात पाणी घरात शिरले. कार्डशीट आणि गोंद वाया गेले त्याचे फारसे काही वाटले नाही. पण कागदातून फुले, पाने, फुलपाखरे कापून काढणारे दहा-बारा पंच गंजून घट्ट बसले, त्याची मात्र सर्वांनाच हळहळ वाटली. विद्यार्थ्यांनी मेणकागद चार-चार वेळा कापून अडकलेली पाती सैल केली, अॅल्युमिनियमची चकचकीत वर्खी कापून धार परत आणण्याचा प्रयत्न केला. काही पंच वाचले, काही नाहीत.

या खटपटीत 'पंच' हा शब्द आम्हाला दुसरीकडेच घेऊन गेला. मराठी मुद्रणाच्या इतिहासात हाच शब्द भेटतो, आणि तोही सगळ्याच्या मुळाशी. मऊ पोलादाच्या बोटभर कांबीच्या टोकाला अक्षर उलटे, उठावात कोरायचे. दिव्यावर धरून त्यावर काजळी घ्यायची, कागदावर ठसा उमटवून वळण तपासायचे. मनासारखे झाले की पोलाद तापवून पाणी द्यायचे. असा कठीण झालेला पंच तांब्याच्या तुकड्यावर ठोकला, की खोलगट अक्षराची मातृका तयार होते. मातृका साच्यात बसवून शिसे, अँटिमनी आणि कथिल यांचा रस ओतला, की खिळा निघतो. (संस्कृत परंपरेत वर्णांनाही मातृकाच म्हणतात, हा योगायोग आम्हाला फार आवडतो.) कागदाचा पंच कागद तोडतो, अक्षराचा पंच तांब्यात खळगा पाडतो, पण दोघांचेही सारे मोल त्या एका टोकाच्या कडेत असते.

खिळे झिजतात, आणि झिजले की वितळवून पुन्हा ओतता येतात. मातृका बिघडली तर पंचावरून नवी ठोकता येते. पंच गेला तर मात्र अक्षर पुन्हा कोरावे लागते. आणि दुसऱ्या हाताने, किंवा त्याच हाताने दहा वर्षांनी कोरलेले अक्षर पहिल्यासारखे येत नाही. शेकडो जोडाक्षरे आणि मात्रा असलेल्या देवनागरीत तर एक 'क्ष' परका निघाला, तरी सगळ्या पानात तो डोळ्यांना खुपत राहतो.

दोन आगी येथे आठवतात. चार्ल्स विल्किन्सने इंग्लंडातल्या हॉकहर्स्ट येथे स्वतः देवनागरी पंच कोरून खिळे ओतले होते. १७९५च्या मे महिन्यात घराला आग लागली. हस्तलिखिते आणि बहुतेक पंच व मातृका वाचल्या, खिळे मात्र हाती लागले नाहीत. त्याचे संस्कृत व्याकरण अखेर १८०८ साली निघाले. दुसरी आग श्रीरामपूरची, ११ मार्च १८१२ची. कागद, हस्तलिखिते, अनेक लिप्यांचे खिळे, सगळे भस्मसात झाले. पण ढिगाऱ्यातून पंच आणि मातृका सुखरूप निघाल्या. वितळलेल्या धातूपासूनच नवे खिळे ओतून काही आठवड्यांत छपाई पुन्हा सुरू झाली. मराठी व्याकरण आणि कोश छापणारा कारखाना तो हाच.

मुंबईची गोष्ट निराळी आहे. अमेरिकन मिशनने १८१७ साली येथे मराठी छपाई आरंभली ती कलकत्त्याकडून आलेल्या खिळ्यांवर. पंच तिकडेच राहिले होते. म्हणजे वळणही तिकडचे आणि परावलंबनही. १८३०च्या दशकात मिशनच्या छापखान्यातल्या टॉमस ग्रॅहमने येथेच पंच कोरायला घेतले, तेव्हा हे चित्र बदलू लागले. १८३१ साली शिळाप्रेसवर पंचांग छापणारे गणपत कृष्णाजी पुढे स्वतःचे खिळे स्वतः घडवू लागले. गोविंद नारायण माडगांवकरांच्या १८६३च्या 'मुंबईचे वर्णन'मध्ये त्यांच्या खटपटीची नोंद आहे. मिशनच्याच ओतशाळेत पोरवयात कामाला लागलेल्या जावजी दादाजींनी १८६४ साली स्वतःची ओतशाळा आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला. निर्णयसागरच्या अक्षरांमागचा हात राणोजी रावजी आरू यांचा. कोलभाट लेनमधून निघालेले संस्कृत ग्रंथ काशीपर्यंत वाचले गेले, आणि मुंबई वळणाचा 'अ' व 'ण' आज हिंदी पुस्तकांतही प्रमाण आहे.

आम्ही वर्गात 'दर्पण' १८३२चे, एवढे सांगून पुढे जातो. छापखाना कोणी काढला, पहिले पुस्तक कोणते, हे वाद आमच्या पिढीने हौसेने घातले. कोरलेले पंच कोणी जपले, हे विचारल्याचे स्मरत नाही. अँटवर्पच्या प्लांटिन-मोरेटस संग्रहालयात सोळाव्या शतकातले पंच आजही क्रमवार मांडलेले आहेत. आपल्याकडे फोटोटाइपसेटिंग आणि संगणक आल्यावर खिळ्यांना निदान शिशाचा भाव आला. मूठभर पोलादी तुकड्यांना भंगारात कोण विचारतो? आगीतून वाचणारा पंच मुंबईच्या दमट हवेत, घामट बोटांच्या खुणांवरूनच गंजायला लागतो, आणि कडेवर पडलेला गंजाचा एक खड्डा म्हणजे अक्षराला पडलेला खड्डा.

वाचकांपैकी कोणाच्या घराण्यात जुना छापखाना असेल आणि माळ्यावरच्या डब्यात टोकाला उलटे अक्षर असलेले पोलादी तुकडे सापडले, तर ते काचकागदाने मुळीच घासू नयेत. मऊ कापडाने कोरडे पुसून मशीनच्या तेलाचा पातळ हात द्यावा. टोके एकमेकांवर आपटणार नाहीत अशा बेताने, लाकडी खणांत उभे ठेवावे, तळमजल्यावर नव्हे. आणि डब्यातून ज्या क्रमाने निघाले तो क्रम आधी कागदावर लिहून घ्यावा. तो क्रमही कोणीतरी विचारपूर्वक लावलेला असतो.