पाण्याची कावीळ आणि रक्ताची कावीळ

कोल्हापूर व इचलकरंजी ही शहरे मागे टाकून पंचगंगा शिरोळ तालुक्यात येते आणि नृसिंहवाडी येथे कृष्णेस मिळते. वरच्या अंगाला पाणी दूषित झाले की खालच्या गावांना धास्ती वाटावी, हे स्वाभाविकच होय. १९८१ साली कोल्हापुरात आणि २०१२ साली इचलकरंजीत काविळीच्या मोठ्या साथी उद्भवल्या. त्यामुळे कावीळ म्हणजे दूषित पाण्याचा रोग, असे समीकरण या प्रदेशात रूढ झाले असल्यास नवल नाही. परंतु यकृताला ग्रासणाऱ्या विषाणूंपैकी एक असा आहे की, तो पाण्यावाटे पसरतच नाही. तो रक्तावाटे शरीरात शिरतो, बहुधा डोळे पिवळे करीत नाही, आणि दोन-तीन दशके यकृतात राहून कित्येकांच्या ठायी यकृत निबर करतो अथवा कर्करोग उत्पन्न करतो. हा यकृतदाह ‘सी’ होय.

या दोन रोगांतील भेद उलगडण्यास अनेक वर्षे लागली, आणि त्या उलगड्यात पुण्याचा वाटा आहे. १९५२ साली भारतीय वैद्यक संशोधन परिषद व रॉकफेलर प्रतिष्ठान यांच्या सहकार्याने पुण्यास विषाणू संशोधन केंद्र स्थापन झाले. १९७८ पासून ते राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. दिल्लीत १९५५-५६ साली यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळून सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली होती. त्या साथीतील रक्ताचे जपून ठेवलेले नमुने पुण्यातील व अमेरिकेतील संशोधकांनी मिळून तपासले. ती साथ ‘ए’ किंवा ‘बी’ या ज्ञात विषाणूंची नव्हती, असा त्यांचा निष्कर्ष १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. कोल्हापूरच्या साथीचा पुण्याच्या संशोधकांनी केलेला अभ्यास १९८४ मध्ये प्रकाशात आला, तोही याच दिशेचा होता.

इकडे अमेरिकेत हार्वी ऑल्टर प्रभृतींनी १९७५ मध्येच दाखविले होते की, रक्त दिल्यानंतर होणाऱ्या यकृतदाहाचे पुष्कळ रुग्ण ‘ए’चेही नव्हेत आणि ‘बी’चेही नव्हेत. अशा रीतीने एकाच नकारात्मक नावाखाली दोन भिन्न रोग काही काळ नांदत होते. १९८९ साली मायकेल हाउटन व त्यांचे सहकारी यांनी ‘सी’ विषाणूचा शोध लावला. पाण्यातून पसरणारा दुसरा विषाणू ‘ई’ या नावाने वेगळा झाला. भारतात २००१ पासून रक्तपेढ्यांतील रक्ताची ‘सी’साठी तपासणी सक्तीची झाली. ऑल्टर, हाउटन व चार्ल्स राइस यांना २०२० चे नोबेल पारितोषिक मिळाले.

औषधाचा इतिहास याहून वेगवान आहे. २०१३ नंतर आलेल्या तोंडाने घ्यावयाच्या गोळ्यांनी बहुधा बारा आठवड्यांत शंभरातील पंचाण्णवांच्या आसपास रुग्ण बरे होतात. २०१४ मध्ये भारतीय कंपन्यांना उत्पादनाचा परवाना मिळाल्यावर किंमतही उतरली. तरी औषध स्वस्त झाले म्हणजे रोग हटला, असे होत नाही. न्यू मेक्सिकोत डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ साली ‘एको’ उपक्रम सुरू केला. त्यात विद्यापीठातील तज्ज्ञ दूरसंवादाने खेड्यांतील डॉक्टरांना रुग्णागणिक मार्गदर्शन करीत. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४०७ रुग्णांच्या अभ्यासात विद्यापीठातील ५७.५ टक्के, तर खेड्यांतील ५८.२ टक्के रुग्ण बरे झाले, असे आढळले. पंजाबने २०१६ पासून चंदीगडच्या तज्ज्ञांच्या साहाय्याने जिल्हा रुग्णालयांतील डॉक्टरांना याच पद्धतीने तयार केले. २०१८ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला व २०३० पर्यंत ‘सी’च्या निर्मूलनाचे उद्दिष्ट ठरले.

या इतिहासाचा शिरोळसारख्या तालुक्याशी असलेला संबंध स्पष्ट आहे. पाण्याची साथ घराघरांत दिसते आणि नगरपालिकेस जाब विचारता येतो. रक्तातील रोग दिसत नाही, म्हणून जाबही विचारला जात नाही. तो हुडकण्यासाठी जुने इंजेक्शन, पूर्वी चढविलेले रक्त यांविषयी प्रश्न विचारणारा आणि तपासणीचा अर्थ जाणणारा डॉक्टर तालुक्याच्या ठिकाणीच असावा लागतो. मिरज वा कोल्हापूर गाठण्यात शेतमजुराचा रोजगार बुडतो. संशोधन सहकार्याने झाले, उपचाराचे ज्ञानही तसेच वाटले गेले तरच निर्मूलन शक्य आहे. साखर कारखान्यांच्या रूपाने सहकार ज्या भूमीत रुजला, तिला हे तत्त्व अपरिचित नाही.