मद्रासच्या देवी आणि एक विसरलेले औषध

माझ्या वयाच्या माणसांच्या दंडावर देवी टोचल्याची खूण आहे. आमच्या मुलांच्या दंडावर ती नाही. लशीचा हा विजय इतका पूर्ण होता, की देवीवर पोटात घ्यायचे एक औषधही निघाले होते आणि त्याची मोठी चाचणी भारतात झाली होती, ही गोष्ट आपण विसरून गेलो.

विषाणूविरुद्ध औषध शोधणे फोल आहे, असे १९५०च्या सुमारास अनेक शास्त्रज्ञ मानत. जिवाणूला स्वतःची भिंत असते, पेनिसिलिन नेमके तिलाच खिंडार पाडते. विषाणूचे तसे नाही. तो आपल्याच पेशीत शिरून तिच्याच यंत्रणेवर स्वतःच्या नकला काढून घेतो. मग त्याला मारायचे तर पेशीही मरणार, असा तर्क होता. तर्क बरोबर होता, पण अपुरा. नकला काढताना काही कामे फक्त विषाणूचीच असतात. नेम तिथे धरता येतो.

तसा नेम आधी लागला तो जवळपास योगायोगाने. क्षयासाठी तयार झालेल्या थायोसेमिकार्बाझोन कुळातले एक द्रव्य देवीच्या भाईबंद विषाणूला, व्हॅक्सिनियाला, आवर घालते, असे १९५०मध्ये अमेरिकेत दिसले. पुढे इंग्लंडमधील वेलकम प्रयोगशाळांत डी. जे. बाउअर यांनी याच कुळातल्या मेथिसाझोनचा पाठपुरावा केला. हे औषध विषाणूला पेशीत शिरू देते, त्याच्या डीएनएच्या नकलाही होऊ देते. मात्र शेवटच्या टप्प्यावर लागणारी प्रथिने धड तयार होत नाहीत आणि पूर्ण विषाणू जुळतच नाही. कणीक मळून तयार, पण पोळ्या होत नाहीत.

मद्रासमध्ये देवीच्या रुग्णांच्या घरातील माणसांना हे औषध देण्यात आले. बाउअर, सेंट व्हिन्सेंट, केम्प आणि डाउनी यांचा अहवाल १९६३मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. औषध घेतलेल्या १,१०१ जणांपैकी तिघांना सौम्य देवी आल्या. न घेतलेल्या १,१२६ जणांपैकी ७८ जणांना देवी आल्या आणि त्यातले १२ दगावले. मी या बारांपाशी नेहमी अडतो. अहवालाच्या दृष्टीने ती तुलनेची बाजू. त्या घरांच्या दृष्टीने शेजारच्या दाराशी येऊन थांबलेले औषध.

पण आकडे वाटतात तितके पक्के ठरले नाहीत. नंतरच्या, अधिक काटेकोर चाचण्यांत इतके यश दिसले नाही. शिवाय औषधाने उलट्या होत. लस स्वस्त, एकदा टोचली की काम झाले. आणि रुग्ण शोधून त्याच्या भोवतालच्यांना टोचण्याची पद्धत कामी आली. १९७५मध्ये भारतातल्या देवी संपल्या, १९८०मध्ये जग देवीमुक्त जाहीर झाले. अभ्यासक विषाणुरोधक औषधांची कथा सत्तरच्या दशकातल्या असायक्लोव्हिरपासून सांगू लागले. मद्रास तिच्यातून गळाले ते असे, आणि मला हे अन्यायाचे वाटते. विषाणूच्या कामात मध्येच हात घालता येतो, हे त्याआधीच माणसांवर पडताळून पाहिले गेले होते.

देवीचा विषाणू आज अधिकृतपणे अटलांटा आणि रशियातील कोल्त्सोव्हो इथल्या दोनच प्रयोगशाळांत आहे. तो पुन्हा बाहेर पडेल या धास्तीने अमेरिकेने २०१८मध्ये टेकोव्हिरिमॅट या औषधाला मंजुरी दिली. तेही विषाणू पेशीबाहेर पसरण्यापूर्वीच्या शेवटच्या टप्प्यालाच अडवते. मात्र देवीचा रुग्णच उरलेला नसल्याने त्याचा गुण माकडे आणि सशांवर पाहावा लागला.