घाटाचा जमाखर्च

मुंबई-पुणे हवाई अंतर सुमारे १२० किलोमीटर, मोटारीने दीडशेच्या आसपास आणि आगगाडीने १९२. एकाच खात्याच्या अशा तीन शिलका आमच्या बँकेत निघाल्या असत्या, तर रात्री दहापर्यंत कुणी घरी गेले नसते. पण सह्याद्रीला ऑडिट लागू नाही!

विमानाने हवेतला वेळ म्हणाल तर जेमतेम अर्धा-पाऊण तास. त्याआधी टॅक्सी, मग तपासणीची रांग, मग नुसतेच बसणे. तेवढ्या वेळात डेक्कन क्वीनचा प्रवासी कटलेट संपवून लोणावळ्याला पोचलेला असतो.

आपल्याला तीन तासही जड जातात. पूर्वी हा मामला दिवसांचा होता. माणसे पायी किंवा पालखीत, माल बैलांच्या पाठीवर. गव्हर्नर माल्कमसाहेबांच्या कारकिर्दीत १८३० साली बोरघाटात गाडीरस्ता झाला. पुढे रेल्वे आली, पण तुकड्यातुकड्यांनी. १८५६ला ती घाटाच्या पायथ्याशी आली, १८५८ला खंडाळा-पुणे सुरू झाली. मधला डोंगर मात्र तसाच! तेव्हा खाली गाडीतून उतरायचे, पालखी किंवा तट्टू गाठायचे, वर जाऊन पुन्हा गाडीत बसायचे. हमालांशी घासाघीस तेव्हाही असणारच.

२१ एप्रिल १८६३ला घाटातली रेल्वे खुली झाली. पंचवीस बोगदे! १९३०मध्ये डेक्कन क्वीन आली, २००२मध्ये द्रुतगती मार्ग पुरा झाला. दिवसांचे तास झाले. जमेची बाजू कशी भरगच्च दिसते!

पण कॉमर्सवाल्याला खोड असते. जमा दिसली की तो नावे बाजू शोधतो. घाटाच्या कामाचा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९मध्ये हिंदुस्थानात येऊन थोड्याच दिवसांत वारला. त्याची बायको अ‍ॅलिस हिने कंत्राट अंगावर घेऊन पुरे केले. ही नोंद निदान नावानिशी आहे. पटकीने, सुरुंगाने, कड्यावरून पडून जे हजारो मजूर गेले, त्यांची खाती नावावाचूनच बंद झाली.

एक नाव तेवढे लोकांनी राखले आहे. घाटातली वाट म्हणे शिंगरोबा नावाच्या धनगराने साहेबाला दाखवली. बक्षीस काय हवे विचारल्यावर त्याने देशाचे स्वातंत्र्य मागितले आणि गोळी खाल्ली. ही आख्यायिका, कागद मागू नये. जुन्या रस्त्यावर घाटात त्याचे देऊळ आहे. एरवी कुणाला वाट न देणारे ट्रकवाले तिथे वेग कमी करून नाणे टाकतात.

टोलनाक्यावर पावती मिळते, इथे मिळत नाही. तरी माझ्या मते त्या घाटातला खरा टोल तोच. आपले वाचलेले तास कुणाच्या तरी खात्यातून वळते झाले आहेत, एवढी आठवण रुपयाभरात स्वस्तच म्हणायची.