आठ, एच आणि तुराट्या

पहिल्या खेपेला मी एचमध्ये नापास झालो. एका उभ्या पट्टीतून रिव्हर्स यायचं, आडव्या पट्टीतून वळायचं आणि दुसऱ्या उभ्या पट्टीत शिरायचं, एवढंच होतं. मागचा बंपर खांबाला लागला आणि साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं. सहा वर्षं कोड लिहून पोट भरणारा माणूस तीन पट्ट्यांपुढे हरला.

मग आसेगावला आलो. लर्निंग लायसन्स सहा महिने चालतं, त्यामुळे वेळ होता. काकांनी खळ्यात तुराट्या रोवून एच करून दिला. (तूर नुकतीच निघाली होती, म्हणून खांबांचा तुटवडा नव्हता.) रात्री मोबाइलवर नियम वाचायला बसलो, आणि वाचता वाचता पार पॅरिसपर्यंत गेलो.

गाडी चालवणाऱ्याची परीक्षा घ्यायची, हे पॅरिसच्या पोलिसांनी 1893 मध्येच ठरवलं होतं. ब्रिटनने मात्र 1903 च्या कायद्याने लायसन्स आणलं ते परीक्षेशिवाय. पाच शिलिंग भरा आणि चालवा. सक्तीची परीक्षा तिथे 1 जून 1935 ला सुरू झाली, तीही फक्त 1 एप्रिल 1934 पासून गाडी चालवू लागलेल्यांना. आधीच्यांना माफ!

आपल्याकडे देशभरासाठी पहिला मोटार कायदा 1914 चा. नंतर 1939 चा आला आणि मग आजचा, 1988 चा. हा कायदा आणि केंद्रीय नियम 1 जुलै 1989 पासून लागू झाले. परीक्षेत काय पाहायचं ते नियम 15 मध्ये आहे: आरसा नीट करणं, चढावर गाडी मागे न घरंगळता पुन्हा निघणं, हाताने किंवा इंडिकेटरने स्पष्ट इशारा देणं. मला गंमत वाटली ती ही, की या यादीत आठ नाही आणि एचही नाही. तिथे फक्त एवढंच म्हटलंय की गाडी मागे घेत डाव्या किंवा उजव्या बाजूच्या मर्यादित जागेत, ताब्यात ठेवून, बऱ्यापैकी अचूक शिरता आलं पाहिजे. ब्रिटनच्या जुन्या नियमांतही ही अट जवळपास याच शब्दांत होती. म्हणजे वाक्य तिकडून आलं असावं, आणि जमिनीवर त्याचा एच झाला. आठाचंही तसंच असणार. थोड्या जागेत डावं-उजवं दोन्ही वळण, आणि दुचाकीवाल्याने पाय टेकला की लगेच दिसतो.

काका ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून बोळीतून मागे आणतात. ट्रॉली स्टेअरिंगच्या उलट जाते, त्यामुळे ते कारच्या रिव्हर्सपेक्षा किती तरी अवघड. मला म्हणाले, "बाबू, खांबाकडं नको पाहू. मांगच्या चाकाकडं पाय."

याच काकांना कधीकाळी काळी-पिवळी चालवायची होती. पण 2007 मध्ये प्रवासी आणि मालवाहू गाड्यांच्या लायसन्ससाठी आठवी पासची अट आली, आणि काकांची शाळा सहावीत सुटलेली. घरात तेव्हा यावर कुणी फार बोललं नाही. अट 2019 मध्ये काढली गेली. तोवर काकांनी पन्नाशी ओलांडली होती आणि गाडीचं कर्ज काढायची उमेदही गेली होती. परीक्षेत रिव्हर्स आलं असतं तर ते डोळे मिटून पास झाले असते. पण त्यांना कुणी गाडी मागे घ्यायला सांगितलंच नाही, आधी शाळेचा दाखला मागितला. ही अट कुणाचा अपघात टाळण्यासाठी होती, हे मला अजून कळलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी माझी गाडी एकाही तुराटीला न लागता बाहेर आली. मी काकांना नियमातलं ते वाक्य मराठी करून वाचून दाखवलं, मर्यादित जागेत मागे शिरण्याचं.

"हे तं आपल्या गोठ्याचं फाटक हाय," ते म्हणाले, आणि तुराट्या उपटायला लागले. काकूला चुलीसाठी हव्या होत्या.