कापरेकर स्थिरांक (६१७४)

गणितज्ञ दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–८६) यांनी १९४९ मध्ये शोधलेला चार अंकी स्थिरांक. कापरेकरांचा जन्म डहाणूचा. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकून ते देवळालीत शाळामास्तर झाले.

सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान वजा करावी. उत्तरावर हीच क्रिया पुन्हा करावी. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि तेथेच थांबते, कारण ७६४१ − १४६७ = ६१७४. मधे शून्य आले तर ते सोडायचे नाही, ही आणखी एक अट. कापरेकरांचे जन्मवर्षच घेतले तर ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४ अशा पुऱ्या सात पायऱ्या लागतात. हा निव्वळ योगायोग. पहिल्या वजाबाकीपासूनची प्रत्येक संख्या ९ ने भाग जाणारी असते, कारण अंकांची अदलाबदल केल्याने ९ ने भागल्यावर उरणारी बाकी बदलत नाही.

तीन अंकांत हेच स्थान ४९५ ला आहे. दोन व पाच अंकांत मात्र शून्याखेरीज असा स्थिरांक नाही. तेथे संख्या चक्रात फिरत राहतात.

६१७४ = २ × ३² × ७³. अंकांची बेरीज १८, आणि ६१७४ ला १८ ने निःशेष भाग जातो. म्हणजे ही कापरेकरांनीच नाव दिलेली ‘हर्षद संख्या’ही आहे. शिवाय १८ + १८² + १८³ = ६१७४. हा शेवटचा गुण स्थिरांकाइतका गाजला नाही, पण देखणा आहे.

मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात कापरेकरांच्या कामाविषयी लिहिले, तेव्हा ते काम जगभर पोहोचले.