सर्व्हरवर, पण 'सर्व्हर ऑन' नाही

"काल बिल्ड सर्व्हरवर टाकलं, पण टेस्ट फेल होतायत." तळवड्याच्या आमच्या ऑफिसात असली वाक्यं दिवसभर चालतात. घरी फोनवर तेच बोलताना काकांनी ऐकलं आणि वैतागले. "धड मराठी नाही, धड इंग्रजी नाही!"

मंडळी, काकांसाठी उत्तर सापडलंय. तेही पुण्याच्याच माणसाचं.

अरविंद जोशी. जन्म पुण्याचा, १९२९ चा. १९५० साली पुणे विद्यापीठातून बी.ई., म्हणजे आपल्याच जातकुळीतले. पुढे अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गेले आणि कॉम्प्युटरला वाक्यं कशी समजावीत याच्या मागे लागले, ते आयुष्यभर (२०१७ साली ते गेले).

१९७५ मध्ये त्यांनी लेव्ही आणि ताकाहाशी यांच्यासोबत एक व्याकरण मांडलं : ट्री अ‍ॅडजॉइनिंग ग्रामर. प्रत्येक शब्द स्वतःचं छोटं झाड घेऊन येतो. 'खातो'च्या झाडात दोन जागा रिकाम्या : खाणारा आणि खाल्लं जाणारं. तिथे 'मुलगा' आणि 'आंबा' बसवा. 'रोज' घालायचा तर झाड मधेच उघडून घुसवायचा. बास! हे इंग्रजीपुरतं नव्हतं. २००४ मध्ये निझार हबाश आणि ओवेन रॅम्बो यांनी पेनच्याच अरबी वाक्यसंग्रहातून असं व्याकरण काढलं. अरबीत क्रियापद बरेचदा आधी येतं, 'खातो मुलगा आंबा' अशा थाटात. क्रम बदलला तरी जागा त्याच.

पण मला आवडतो तो त्यांचा १९८२ चा पेपर. विषय चक्क मराठी-इंग्रजी मिसळ! जोशींचं म्हणणं, ही मिसळ वाट्टेल तशी होत नाही. वाक्य मुळात कुठल्या भाषेतलं आहे, यावर बोलणाऱ्यांचं सहसा एकमत असतं. मराठी सांगाड्यात इंग्रजी तुकडे येतात, उलटं होत नाही. आणि नाम बदलेल, पण 'वर', 'ला' सारखे चिकट शब्द एकटे बदलत नाहीत. 'सर्व्हरवर' चालतं. 'सर्व्हर ऑन टाकलं' म्हणून बघा... नवा ट्रेनीसुद्धा हसेल. हा नियम त्याला कोणी शिकवला?

नंतर इतर भाषाजोड्यांत याला अपवाद सापडले, ते असो. आमच्या टीममधला "बट" कुठे बसवायचा, हे मलाही कळलेलं नाही. पण ज्या बोलण्याला सगळे भ्रष्ट म्हणतात, त्याचे नियम लिहून ते मशीनला देता येतील असं एका इंजिनिअरला वाटलं, हे भारीच.

काकांना हे सगळं ऐकवलं. शांतपणे ऐकून म्हणाले, "तो पेपर मला मेलवर फॉरवर्ड कर."